बाबांसोबत मुंबई हाफ मॅरेथॉन: मागच्या दाराने चढलेल्यांसाठी

मुंबई मॅरेथॉनबद्दल जे लिहितात ते बहुतेक दोन तासांच्या आत हाफ, म्हणजे एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, संपवणारे असतात. त्यांचं सगळं पेस (किलोमीटरला किती मिनिटं) आणि स्प्लिट्सवर (प्रत्येक टप्प्याची वेळ) चालतं. हा अभिप्राय त्यांच्यासाठी नाही. घरातलं साठी उलटलेलं कुणी "मी पण येऊ का?" म्हणालं असेल आणि तुम्ही तोंडातून 'हो' काढून बसला असाल, तर वाचा.

आम्ही पळालो १९ जानेवारी २०२५ ला, म्हणजे विसाव्या मॅरेथॉनला. त्याआधी माझ्या दोन हाफ झाल्या होत्या. बाबांची ही पहिलीच. वय ६२, बेस्टमध्ये ३४ वर्षं कंडक्टर, उभं राहून राहून दोन्ही पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या. डॉक्टरांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून हिरवा कंदील दिला, तेव्हा आईचा चेहरा पडला. तिची सगळी भिस्त डॉक्टरांच्या नकारावर होती.

जुलैपासून आम्ही एमआयडीसीच्या रस्त्यांवर पळायला लागलो. पद्धत पळा-चाला-पळाची. जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपियनने ती रुळवली. दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, दमल्यावर नव्हे तर पहिल्या किलोमीटरपासूनच. बाबांना माझ्या घड्याळाची पिंपिं आवडेना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मनगटावर दोन बोटं आपटली. "ही डबल बेल. गाडी सोडायची. एकदा आपटलं की स्टॉप." तेव्हापासून घड्याळ मी बघायचे आणि बेल ते द्यायचे. एकवीस किलोमीटरभर माझ्या डाव्या मनगटावर हेच चाललं होतं. अशी काहीतरी खूण आधीच ठरवून ठेवा. बाराव्या किलोमीटरनंतर बोलायला कुणालाच नको असतं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला बीकेसीतल्या एक्स्पोत, म्हणजे स्पर्धेआधीच्या प्रदर्शनात, जावं लागतं. अर्धा दिवस धरा आणि तिथले बूट, मोजे, पट्टे बघत फिरू नका, खिसा हलका होतो. वेळ मोजणारी चिप बिबाच्याच मागे चिकटवलेली असते, त्यामुळे बिबाची घडी घालायची नसते. बाबांनी मात्र हातात पडताच त्याची घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात सारली. सवयच ती. मी किंचाळले. चिप वाचली.

रविवारी पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, ही या स्पर्धेची खरी सोय. डोंबिवलीहून तीनच्या सुमाराची गाडी पकडून दादरला बदललं आणि माहीमला उतरलो. डब्यात सगळेच बिब लावलेले. हाफची सुरुवात पाच वाजता माहीमच्या रेतीबंदरावरून होते, पण मागच्या गटांचा नंबर हळूहळू येतो. आमचे पाय रेषेवर पडले तेव्हा पाच पंचवीस झाले होते. तोवर लोक वर्तमानपत्रं पसरून बसले होते आणि बाबा त्यांच्यात फिरत होते. कोण कुठून आलं, कुठल्या गाडीने आलं, सगळ्यांची चौकशी. त्या अर्ध्या तासात एक जुना स्वेटर अंगात असू द्या, जानेवारीत खाडीवरचा वारा बोचतो.

आता वांद्रे-वरळी सी लिंक. एरवी इथे पायी जायला बंदी आहे, दुचाकीलाही. २००९ मध्ये पूल सुरू झाला तेव्हापासून बाबांनी तो माहीमच्या किनाऱ्यावरूनच पाहिलेला. ५.६ किलोमीटरचा हा तुकडा आम्ही अंधारात गाठला आणि दुसऱ्या टोकाला पोचेस्तोवर उजाडायला लागलं. गाडीतून जाताना चढ कळत नाही, पायांना कळतो. तिथे बँड नाही, बघे नाहीत, फक्त हजारो बुटांचा आवाज, पावसाळी पत्र्यावर सरी पडाव्यात तसा. वरच्या केबल्स उजळलेल्या. माझं ठरलेलं होतं की फोटो शेवटीच काढायचे. पण बाबा चालायच्या मिनिटात कठड्याशी गेले, त्यावर हात ठेवून खाली पाणी बघत उभे राहिले आणि बेल काही देईनात. सव्वादोन मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते, हे आता लिहितानाही लाज वाटते.

खरं सांगायचं तर पुढची चूकही माझीच. वरळीच्या नाक्यावर ढोल वाजत होता, उजेड पसरत होता, माझ्या पायांना चेव चढला आणि मी सुटले. मागे वळून बघते तर बाबा दिसेनात. उलट्या दिशेने चार पावलं टाकली तर लोक ओरडायला लागले. शेवटी दुभाजकापाशी उभी राहिले. ते आले ते आपल्याच चालीने, आणि म्हणाले, "ड्रायव्हर पुढे बघतो गं. तुला मी मागे बघायला आणलंय." त्यानंतर मी त्यांच्या अर्धं पाऊल मागे राहिले. सोबतीला पळणाऱ्याने तिथेच राहावं, असं माझं मत झालं आहे. पुढे राहिलात तर त्यांना तुमचा पाठलाग करावा लागतो. खांद्याला खांदा लावून पळालात तर मागच्यांचा रस्ता अडतो.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते. पाणी वाटेत जागोजागी मिळतं, बाटली पूर्ण पिऊ नका, दोन घोट पुरे. मी दोन एनर्जी जेल घेतली होती. बाबांनी पहिल्याचा अर्धा घोट घेतला आणि विचारलं, "हे औषध आहे की जॅम?" उरलेलं मी संपवलं. संक्रांत होऊन पाचच दिवस झाले होते, त्यामुळे आईने रुमालात सहा तिळाचे लाडू बांधून दिले होते. गूळ चांगलाच, पण पळताना अख्खा लाडू तोंडात टाकू नका. तीळ घशाला चिकटतात आणि ठसका लागतो. आम्हाला लागला, हाजीअलीच्या अलीकडे, तोही दोघांना एकदम. एक पोलीस हवालदार धावत आला. पुढच्या वेळी लाडवाचे वाटाण्याएवढे तुकडे करून नेणार. आईला हे सांगितलंय, तिला ते पटलेलं नाही.

पेडर रोडच्या चढाचं नाव ऐकूनच लोक घाबरतात. चढ आहेच, आणि तो नेमका पाय रिकामे झाल्यावर येतो. पण तिथले रहिवासी पहाटेपासून रस्त्यावर उतरलेले असतात. संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की, शाळकरी पोरांचे पुढे केलेले तळहात. बाबांनी एकही तळहात सोडला नाही. हा रस्ता म्हणजे त्यांची ड्युटी. जसलोक हॉस्पिटल आल्यावर "जसलोक" म्हणाले, पुढचे स्टॉपही नावाने म्हणत राहिले. वाटेत लता मंगेशकरांच्या प्रभुकुंजसमोर पळता पळता हात जोडले. मी मध्येच म्हटलं, "बाबा, सहाच किलोमीटर राहिले." तर म्हणाले, "किती राहिलं ते सांगू नकोस. पॅसेंजरला स्वतःचा स्टॉप कळतो." मी गप्प झाले. तुम्हीही आकडे सांगू नका. पळणाऱ्याचं 'सहा' आणि सोबतीचं 'सहा' वेगळं असतं.

याच चढावर पलीकडच्या बाजूने फुल मॅरेथॉनचे अव्वल धावपटू आले. ते आमच्या खूप नंतर, सव्वासातनंतर, सीएसएमटीहून निघालेले असतात. आधी गाड्यांचा ताफा आणि मग पूर्व आफ्रिकेतली ती सडपातळ पोरं. टाच जमिनीला लागते की नाही हे कळत नाही. बाबा थांबले, टाळ्या वाजवल्या आणि मला म्हणाले, "फास्ट गाडी." मग मनगटावर टिंग टिंग. स्लो लोकल सुटली. मागच्या गटात असण्याचा हा फायदा दोन तासांत पोचणाऱ्यांना मिळत नाही.

मरीन ड्राइव्हवर ऊन आलं होतं. बाबांच्या डाव्या पोटरीत गोळा आला तो तिथेच. गोळा डोळ्यांना दिसत होता, कातडीखाली उंदीर फिरावा तसा. ते दुभाजकावर बसले, एका स्वयंसेवक मुलीने स्प्रे मारला आणि मी बूट काढून अंगठा वर ओढून धरला. उठता उठता त्यांनी पहिल्यांदा भीती बोलून दाखवली. वेळेत न पोचणाऱ्यांना मागून येणारी बस उचलते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "चौतीस वर्षं बसमध्ये काढली. आज बसमधून जायचं नाही मला." पुढची दहा मिनिटं आम्ही चाललो. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं उलटं गणित लावून चर्चगेट गाठलं. बस दिसलीही नाही.

आमची वेळ ३ तास १४ मिनिटं. माझी आधीची २ तास १२ मिनिटांची, आणि मधला तास मी विकत घेतलाय असंच समजते. आझाद मैदानात पदक गळ्यात घालून, पाय पसरून बसलेल्या बाबांना विचारलं, किती स्टार द्यायचे? ते सगळीकडे बघत होते. "एवढी गर्दी, आणि एक भांडण नाही. मी कधी पाहिलं नाही असं."

आता तक्रार. ती स्पर्धेबद्दल नाही, बुटांबद्दल आहे. बाबांचे बूट आम्ही एका नावाजलेल्या दुकानातून घेतले होते, नाव घेत नाही. विक्रेत्याने बसल्या बसल्या माप घेतलं आणि "अंगठा टेकला की बरोबर फिटिंग" म्हणून बूट बांधून दिले. पळताना पाऊल सुजतं, म्हणून पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा लागते, आणि माप संध्याकाळी, उभं राहून घ्यायचं असतं. मला हे माहीत होतं. तरी त्याने एवढ्या खात्रीने सांगितलं की मी मान डोलावली. डिसेंबरातल्या सोळा किलोमीटरला त्यांचं नख दुखलं होतं, तेव्हाही आम्ही मोज्यांनाच दोष दिला. नवे बूट घ्यायला उशीर झाला होता.

परतीच्या लोकलमध्ये बाबांनी मोजा काढला. उजव्या अंगठ्याचं नख जांभळाच्या रंगाचं झालं होतं. डोंबिवलीचा पूल त्यांनी कठडा धरून, उलटे, एक एक पायरी करत उतरला. मागून येणाऱ्या एका पोराने पदक बघून "काका, फोटो?" विचारलं. "आधी खाली उतरू दे," बाबा म्हणाले.

नख मार्चमध्ये गळून पडलं. नवीन अर्धं आलंय. तोवर ते चपला घालून एमआयडीसीत चालायला जातात, आणि दुकानात बूट परत करायला मला पाठवतात. दुकानदार म्हणतो, वापरलेला माल घेत नाही.