२० एएचची बॅटरी घेतली, आत निघाले जुने सेल

घरच्या सायकलला मोटर बसवायची म्हणून कित्येक महिने नुसतं वाचत होतो, पण सगळं मोटरबद्दल. गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यात बसणारी) की बिनगिअरची डायरेक्ट ड्राइव्ह की पॅडलपाशी बसणारी मिड ड्राइव्ह, यावर डोक्याचा भुगा केला. शेवटी गिअरवाली घेतली, कारण आतल्या प्लॅनेटरी गिअरमुळे चढाला जोर मिळतो, वजन कमी, आणि बंद असताना पॅडल मारायला जड जात नाही. तो निर्णय आजही बरोबरच वाटतो. बॅटरीचं मात्र, ४८ व्होल्ट २० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते) लिहिलंय ना, मग झालं, म्हणून त्याच विक्रेत्याकडून मोटर, तिला करंट सोडणारा कंट्रोलर, बॅटरी सगळं एकत्र मागवलं.

पार्सल उचललं तेव्हाच हलकं लागलं आणि मी मूर्ख खूश, की वा, सायकल हलकी राहील!

जोडून चाक हवेत फिरवलं तर स्पीड ५२. अजून खूश. खरं तर तिथेच कळायला हवं होतं. २६ इंची चाक एका फेरीत साधारण २ मीटर जातं, म्हणजे २५ च्या स्पीडला मिनिटाला २०० फेरे पुरतात, आणि ही बया ४२० मारत होती. वाइंडिंग (मोटरमधली तारेची वेटोळी) २० इंची चाकासारख्या छोट्या चाकाचं, जाहिरातीत मात्र २६ इंचीसाठी म्हणून खपवलेलं. असली मोटर सपाटीवर पळते, पण चढावर नुसती कण्हते, कंट्रोलरचे पूर्ण २२ अँपिअर खेचते आणि त्यातलं बरंचसं गरम होण्यातच घालवते.

पहिल्याच चढाला सगळं बंद. थोडं थांबून चालू केलं की सुरू, जरा पुढे गेलं की परत बंद. थांबून मल्टिमीटर लावला तर ४७ व्होल्ट. विक्रेता म्हणे, "व्होल्टेज बरोबर आहे ना सर, मग बॅटरी ओके, तुम्हीच थ्रॉटल जास्त देताय." फुल चार्जला ५४.६ दाखवायची हेही खरं, पण छोटी बाटलीसुद्धा काठोकाठ भरतेच की. बॅटरीत सेलचे १३ गट एका रांगेत असतात, त्यातला एखादाच गट अशक्त असला तरी लोड आला की तो खाली बसतो, बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) सगळंच कापतं, आणि लोड गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून नुसत्या मल्टिमीटरवर कधीच पकडलं जात नाही.

मग किती एएच निघतात ते मोजणारा वॉटमीटर लावून पूर्ण डिस्चार्ज केली. ६.३ एएच. परत एकदा मोजलं, तेवढंच.

पॅकवर स्टिकर होता, सील तोडल्यास वॉरंटी रद्द. तोडलं. आत ५२ सेल, १३ सिरीज ४ पॅरलल (चार-चार सेलचे १३ गट), दोन-तीन रंगांची वेष्टनं, आणि टोकांवर जुन्या स्पॉट वेल्डचे (पट्टी जोडायच्या टाक्यांचे) ओरखडे. लॅपटॉपमधून वगैरे काढलेले असणार. फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सील तुटलंय, आता काही होणार नाही." म्हणजे उघडल्याशिवाय चोरी दिसत नाही आणि उघडलं की तक्रार चालत नाही, काय डोकं आहे बघा. पैसे गेले ते गेलेच.

राग याचा येतो की काही न उघडता कळलं असतं, नुसत्या वजनकाट्यावर. चांगल्यातला चांगला १८६५० सेल (असल्या पॅकमधला नेहमीचा गोल सेल) साडेतीन एएचच्या आसपास असतो आणि वजन ४५ ते ५० ग्रॅम. २० एएच हवे तर सहा पॅरलल, म्हणजे ७८ सेल, नुसते सेलच साडेतीन किलोच्या वर. माझा अख्खा पॅक डब्यासकट २.६ किलो भरला! आणि त्या चार पॅरललवर २२ अँपिअर म्हणजे एकेका म्हाताऱ्या सेलवर साडेपाच अँपिअर, तो बिचारा काय टिकणार. तो पॅक आता चार्ज करत नाही, घराबाहेर ठेवलाय.

नवीन बॅटरीसाठी तीन जणांना विचारलंय, पॅकचं वजन किती, सेलचं मॉडेल कोणतं, सिरीज-पॅरलल किती, बीएमएस सलग किती अँपिअर देतं, हे लेखी द्या. दोघांनी मेसेज वाचून सोडून दिला. तिसरा म्हणाला, काट्यावर ठेवून फोटो पाठवतो. वाट बघतोय.