घरच्यांसाठी बातम्या कुठून घ्याव्यात: आकाशवाणी, खासगी वाहिनी की ढकलपत्रं?

घरात वयस्कर आई-वडील आहेत, दिवसभर काहीतरी चालू असतं आणि नेमकं काय लावून द्यावं हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. पाया म्हणून आकाशवाणी किंवा सह्याद्रीचं बातमीपत्र आणि जोडीला विकत घेतलेलं एक वर्तमानपत्र. खासगी वाहिनी गरजेपुरती.

व्हॉट्सॲपवरची ढकलपत्रं, म्हणजे आले तसे पुढे ढकललेले संदेश, बातमी म्हणून नकोतच. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारे. त्या काळात मुलं पळवणाऱ्यांचे खोटे संदेश गावोगावी फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण संदेश खोटा ठरला तरी त्याची जबाबदारी घेणारं तिथे कोणीच नसतं.

खासगी वाहिनीचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींतून येतं आणि जाहिरात टीआरपीवर, म्हणजे किती लोक बघतात त्यावर ठरते. म्हणून प्रेक्षकाला धरून ठेवावं लागतं: ब्रेकिंगची पट्टी, चौकटीत भांडणारे सहा जण. अतिवृष्टीत किंवा मतमोजणीच्या दिवशी मात्र या वाहिन्यांचे जिल्ह्याजिल्ह्यांतले वार्ताहर फार उपयोगी पडतात, हे मान्य करायलाच हवं.

आकाशवाणीला श्रोता धरून ठेवायची अशी घाई नसते. सकाळी सातनंतर पुण्याहून प्रादेशिक बातम्या, साडेआठला मराठी बातमीपत्र. थोड्या मिनिटांत पाऊस, धरणं, सरकारी निर्णय, परीक्षा, सगळं एका सुरात. ऐकून छातीत धडधड होत नाही. वीज गेली तरी सेलवरचा ट्रान्झिस्टर चालतो. सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता दिसते.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. आकाशवाणी-दूरदर्शनचा पैसा जनतेचा असला तरी येतो केंद्र सरकारच्या हातून. आणीबाणीत आकाशवाणी सरकारचा भोंगा झाली होती. पुढे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या स्वायत्त संस्थेचा कायदा १९९०मध्ये झाला, पण अमलात यायला १९९७ उजाडलं; आजही पगार सरकारी अनुदानातून होतात. त्यामुळे सत्तेला अडचणीचा प्रश्न तिथे क्वचितच ऐकू येतो. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरोघरी परवाना शुल्क भरतात. ते किती असावं हे तिथलंही सरकारच ठरवतं, पण पैसे आपण भरतो ही जाणीव लोकांना असते आणि ते जाब विचारतात. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात भरत. ते १९८५मध्ये बंद झालं. त्याबरोबर ही आपली वस्तू आहे ही भावनाही गेली, असं मला वाटतं.

म्हणूनच वर्तमानपत्र हवं, आणि तेही सरकारला प्रश्न विचारणारं. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंतचे घोटाळे तिथेच वाचायला मिळतात.

घरी एवढं करा: रेडिओ स्वयंपाकघरात ठेवा आणि साडेआठला लावा. ढकलपत्र आलं, तर आईला म्हणा, “उद्याच्या बातम्यांत येतंय का बघू, मग पाठव.”