क्रिस्टलाइन की पॉलिमर कोटिंग? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

गळती थांबवायची म्हटलं की सोसायटीच्या कमिटीपुढे वॉटरप्रूफिंगची दोन कोटेशनं येतात. एकात क्रिस्टलाइन ट्रीटमेंट, दुसऱ्यात सिमेंटमध्ये कालवायचं अ‍ॅक्रिलिक पॉलिमर कोटिंग. दरांची तुलना नंतर करा. पाणी काँक्रीटला कुठल्या बाजूने दाबतंय आणि तडा स्थिर आहे की हलता, हे आधी ठरवा.

बेसमेंटचं उदाहरण घ्या. पाणी बाहेरच्या मातीतून येतं, आपल्याला मात्र आतूनच काम करता येतं. पॉलिमर कोटिंग भिंतीला नुसतं चिकटलेलं असतं. मागून पाण्याचा दाब आला की ते फुगतं आणि पोपडे सुटतात. क्रिस्टलाइनमधली रसायनं ओलाव्याबरोबर काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरतात, तिथला चुना आणि शिल्लक सिमेंट यांच्याशी संयोग पावून न विरघळणारे स्फटिक तयार करतात. दाब कुठूनही आला तरी चालतं. साधारण 0.4 मिमीपर्यंतचे स्थिर तडे तर पाणी लागल्यावर आपोआप बुजतात. इथे मी बेधडक क्रिस्टलाइनच सांगेन.

गच्चीवर मात्र नको. स्लॅब उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो, त्यामुळे तडे रोज उघडमीट करतात. स्फटिकांना ताण सोसत नाही. तिथे लवचीक कोटिंग किंवा मेंब्रेन (पाणी अडवणारा अखंड पातळ थर) हवं. जुन्या कोब्यावर आणखी कोबा चढवणं तर टाळाच: 4 इंच जाडीचा थरसुद्धा चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भार टाकतो.

खरी चुरस पाण्याच्या टाकीत आहे. गच्चीवरच्या टाकीला पॉलिमर स्वस्तात आणि नीट चालतं, कारण पाणी आतूनच कोटिंगला भिंतीवर दाबून धरतं. जमिनीखालच्या टाकीचं तसं नाही. भर पावसाळ्यात भूजल वर आलेलं असताना सफाईसाठी टाकी रिकामी केली, की दाब उलटा फिरतो आणि कोटिंग सुटू शकतं. मुंबई-ठाण्याच्या खाडीलगतच्या इमारतींनी याचा विचार करायलाच हवा. तिथे क्रिस्टलाइनचा जास्तीचा खर्च मला योग्य वाटतो.

पण खर्च नुसत्या पावडरीचा नसतो. क्रिस्टलाइनला उघडं काँक्रीट लागतं, म्हणजे प्लास्टर, टाइल्स, जुना रंग सगळं काढावं लागतं. विटांच्या भिंतीवर त्याचा उपयोग नाही. हनीकोंब (काँक्रीटमधल्या पोकळ, खडी उघडी पडलेल्या जागा) आणि मोठ्या भेगा आधी छिन्नीने उकरून भरून घ्याव्या लागतात, आणि भिंत व तळ मिळतात तिथला सांधा कधीच सोडायचा नाही. लावताना भिंत आतपर्यंत भिजलेली हवी, पण वर पाणी साचलेलं किंवा चकाकणारं नको. कोरड्या भिंतीवर मारलेला हात वाया गेलाच म्हणा. पुढे 2-3 दिवस हलक्या फवाऱ्याने क्युरिंग करायचं. हे काम कंत्राटदार सर्रास उरकून टाकतात, म्हणून त्या दिवसांत कमिटीतल्या कुणीतरी रोज टाकीत डोकावावं.

क्युरिंगनंतरही टाकी लगेच भरता येत नाही. काही उत्पादनांना आणखी सुमारे 12 दिवस लागतात. टाकीचे दोन कप्पे असतील तर एकेक करून घ्या, नाहीतर तेवढ्या दिवसांच्या टँकरचा खर्च दोन्ही कोटेशनांच्या तुलनेत धरा. पिण्याच्या पाण्यासाठी चालत असल्याचं उत्पादनाचं प्रमाणपत्र मागा, आणि भरण्याआधी आतून स्वच्छ धुऊन ते पहिलं पाणी सोडून द्या.