कोकणातल्या पावसात कोंबड्यांसाठी काय बरे: तुसाची गादी की उंच मचाण?

परसात वीस-पंचवीस कोंबड्या पाळण्यासाठी कोकणात नवे खुराडे बांधायचे ठरवले, की सर्वांत आधी खालच्या जमिनीचा निर्णय करावा लागतो. चिऱ्याच्या चौथऱ्यावर तुसाची गादी पसरायची, की जमिनीपासून तीनेक फूट उंचावर फटी ठेवून रिपा ठोकायच्या आणि कोंबड्यांना मचाणावर ठेवायचे? गिरिराज जातीची कोंबडी घ्यायची की गावठी, वर कौले की पत्रा, हे मागाहूनही ठरवता येते. मी दोन्ही पद्धती अनेक पावसाळे वापरल्या आहेत, आणि बुरशी व ओल एवढ्याच अंगाने येथे त्यांची तुलना करीत आहे.

खुराड्यात ओल आली की आपण आधी छपराकडे पाहतो. गळती असेल तर ती काढलीच पाहिजे, परंतु ओलीचा मोठा वाटा कोंबड्यांचाच असतो. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण 200 ते 250 मिलिलीटर पाणी पिते आणि तिच्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. पंचवीस कोंबड्या धरल्या, तर रोज पाच-सहा लिटर पाणी त्यांच्या पोटात जाते आणि त्यातले बरेचसे विष्ठेतून व श्वासातून खुराड्यातच परत येते. पौषात ते वारा उडवून नेतो. आषाढात मात्र बाहेरची हवाच पाण्याने इतकी भरलेली असते, की आतल्या ओलीला सुकायला वाव राहत नाही.

गादीबद्दल मला आदर आहे, आणि देशावर किंवा कोकणातही दिवाळीपासून वैशाखापर्यंत तिच्याहून चांगले काही असेल असे मला वाटत नाही. तीन-चार इंच तुसापासून सुरुवात करावी, हळूहळू थर वाढवावा आणि तो अधूनमधून खालीवर करावा. विष्ठा त्यातच जिरते, कोंबड्यांना उकरायला व धुळीत लोळायला मिळते आणि शेवटी माडांसाठी उत्तम खत हाती येते. मूठभर गादी दाबून पाहिली असता ती क्षणभर धरून लगेच विस्कटली, तर ओल योग्य समजावी. गोळा तसाच राहिला, तर ती जास्त झाली. ओलीचे प्रमाण 20 ते 25 टक्के असावे असे मानतात. त्याच्या बरेच वर गेले की अमोनियाचा उग्र वास सुटतो, पाण्याच्या भांड्याभोवती आणि कोंबड्यांच्या बसायच्या दांडीखाली घट्ट पापुद्रे धरतात, आणि उबदार ओलीत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत पक्व होऊन रक्ती हगवणीची भीती उभी राहते. गादीला बुरा आला, तर त्याचे कण लहान पिल्लांच्या फुप्फुसात जातात आणि ती चोच वासून धापा टाकू लागतात. त्या रोगावर खात्रीचे औषध नाही. बुरशी धरलेला थर तातडीने उचलणे एवढाच मार्ग उरतो.

माझा कौल ज्या एका त्रासाने मचाणाकडे फिरवला, तो येथूनच सुरू होतो. ओला थर उचलला तरी त्या जागी कोरडे तूस कुठून आणायचे? भात कापून झाले की गिरण्या चालू होतात आणि तेव्हा तूस हवे तेवढे मिळते. किलतानात भरून ते पडवीत रचून ठेवले, तरी जुलैपर्यंत हवेची ओल त्यात शिरते, आणि तोंड सोडताच कुबट वास येऊ लागतो. वखारीतला भुसा आणावा, तर पावसाळ्यात लाकूडच ओले असल्याने तोही दमटच निघतो. गळके भांडे बदलता येते, पागोळ्यांसाठी चर खणता येतो, गादी रोज उकरताही येते. परंतु भर आषाढात सुके तूस कितीही कष्ट केले तरी निर्माण करता येत नाही. या काळात चुना टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. गादी घालण्यापूर्वी कोरड्या जमिनीवर चुना जरूर पसरावा. विष्ठेने भिजलेल्या गादीवर मात्र तो टाकला, की अल्कता वाढून अडकलेला अमोनिया अधिकच मोकळा होतो, आणि माझ्या खुराड्यात तरी त्यानंतर कोंबड्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसले. अमोनिया बांधून ठेवण्यासाठी त्यापेक्षा सुपर फॉस्फेट हे खत बरे.

मचाणावर हा प्रश्नच येत नाही, कारण तेथे अंथरूणच नसते. विष्ठा फटींतून खाली पडते आणि कोंबडी तिच्यापासून वेगळी राहते. मचाणाचेही उपद्रव आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. खर्च जास्त येतो. खाली साचलेल्या ढिगात पावसाचे पाणी शिरले, तर तिथे अळ्या होतात व वासही वर येतो, म्हणून खालच्या जमिनीला उतार हवा आणि ढीग वेळेवर ओढायला हवा. नैर्ऋत्येकडून येणारी झड खालून आत घुसते. त्या बाजूला खालपर्यंत माडाच्या पात्यांचे विणलेले झाप बांधावे, परंतु समोरची बाजू उघडी ठेवावी, कारण चारही बाजू बंद केल्या तर आतली वाफ आतच राहते. रिपांऐवजी तारेची जाळी लावण्याचा मोह होतो. जड कोंबड्यांच्या तळव्यांना तिच्यावर जखमा होतात, असा माझा अनुभव आहे. रिपांमधील फट साधारण इंचभर पुरेशी होते. लाकडालाही बुरशी येतेच, मात्र ती रिपेच्या पृष्ठभागावर दिसते आणि घासून काढता येते. गादीतली बुरशी आत वाढते आणि वास येईपर्यंत कळत नाही.

ज्यांच्याकडे शेकड्यांनी पक्षी आहेत, त्यांना एवढे मचाण बांधणे कदाचित परवडणार नाही, आणि पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे उबेसाठी गादीच लागते, हे मान्य करायला हवे. म्हणून शक्य असल्यास पिल्ले कोरड्या ऋतूत काढावीत आणि पावसाच्या आत मचाणावर चढवावीत, असे मी सुचवीन. दोन्ही पद्धतींत अंड्यांच्या खोक्यातला पेंढा वारंवार बदलावा लागतो, आणि मका व पेंड जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावी लागते, कारण बुरसटलेल्या खाद्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष खुराडे कितीही कोरडे असले तरी कोंबडीला बाधतेच. मचाणासाठी बांबू घेणार असाल, तर तो पावसाळा सरल्यावर तोडलेला आणि चांगला मुरलेला घ्यावा. वरून काजूच्या टरफलांचे तेल लावल्यास तो अधिक टिकतो. हे तेल हाताला भाजते, म्हणून कोंबड्या आत सोडण्यापूर्वी ते पुरते सुकू द्यावे, आणि त्यासाठी हे काम एप्रिलमध्येच उरकावे.