१६८ की १७५ ग्रेन? .३०८ रायफलची अचूकता
‘.३०८ विंचेस्टर’ काडतूस वापरणाऱ्या रायफलसाठी १६८ ग्रेनची (सुमारे १०.९ ग्रॅम) गोळी निवडावी की १७५ ग्रेनची (सुमारे ११.३ ग्रॅम), हे पल्ला ठरल्याशिवाय सांगता येत नाही. सिएरा या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीची १६८ ग्रेनची गोळी मुळात ३०० मीटरच्या नेमबाजीसाठी घडवली गेली; त्या अंतरावर ती छिद्राला छिद्र लावते आणि जड गोळीचा वेगळा लाभ तिथे जाणवत नाही. मात्र १,००० यार्डांकडे जाताना तिचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ घसरतो, ती डगमगू लागते आणि कागदावरची छिद्रे गोल न उमटता लांबट उमटू शकतात. १७५ ग्रेनची गोळी किंचित कमी वेगाने सुटूनही तो वेग अधिक टिकवते व वाऱ्याने कमी ढळते. अर्थात हे श्रेय केवळ वजनाचे नाही; तिच्या शेपटीचा, म्हणजे मागच्या निमुळत्या भागाचा, उतार सुमारे ९ अंशांचा, तर १६८ ग्रेनच्या गोळीचा १३ अंशांचा आहे. लांब पल्ल्यासाठी मी निःशंकपणे १७५ ग्रेनच निवडेन.