शेती अनुदानाच्या जाहीर याद्या : सात महिने चाळल्यानंतर

युरोपीय संघातले देश शेती अनुदान कुणाला किती मिळालं याच्या याद्या दरवर्षी ३१ मेपर्यंत जाहीर करतात. सेंद्रिय शेतीच्या नावाने निघालेला पैसा कुठे जातो ते बघायला मी सात महिन्यांपूर्वी त्या उघडल्या. पहिला आठवडा कंपन्यांची नावं टाकून आकडे बघण्यातच गेला, हे कबूल करते. चटक लागते त्याची.

याद्या कामाच्या आहेत. नाव, गाव, पिनकोड आणि योजनावार रक्कम मिळते. २०१४पासूनच्या ग्रामविकास कार्यक्रमात सेंद्रियला ११ क्रमांकाची स्वतंत्र योजना होती, त्यामुळे शोध सोपा जायचा. २०२३च्या नव्या धोरणात हेच पैसे पर्यावरणाच्या इतर योजनांतूनही देता येतात, आणि काही याद्यांत सेंद्रियवाला कोण, हे रकमेवरून कळतच नाही. क्षेत्र तर कुठेच नाही. हेक्टरी किती मिळाले, हा साधा हिशेबसुद्धा मांडता येत नाही.

छोट्यांची नावं झाकलेली असतात. त्याचा मला आधी राग यायचा. मग मागचा इतिहास वाचला. जर्मनीतल्या दोन लाभार्थींच्या तक्रारीवर लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी व्यक्तींची सरसकट नावं छापण्याचा नियम रद्द केला होता. कंपन्यांना ती सवलत मिळाली नाही. २०१३च्या कायद्याने नावं परत आणली, पण साधारण १,२५० युरोपर्यंतची रक्कम घेणाऱ्यांना वगळून. आता मला हे पटतं. एवढ्याशा रकमेसाठी कुणाचं नाव चव्हाट्यावर कशाला?

खरी तक्रार वेगळीच आहे. यादी दोन वर्षांनी काढून टाकतात. आणि रासायनिक शेती सोडून सेंद्रियकडे वळायला किती काळ लागतो? हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं, फळबागांना तोडणीआधी तीन. म्हणजे ज्या बागायतदाराने वळण्यासाठी पैसे घेतले, त्याचा माल सेंद्रिय म्हणून बाजारात येऊन स्थिरावेपर्यंत त्याचं नाव असलेली पहिली यादी गेलेली असू शकते. तो पुढे टिकला की पैसे संपल्यावर पुन्हा युरियाकडे गेला, हे बघायची सोय त्या यादीत उरत नाही.

यावर मी जुगाड केलाय. फाइल उतरवून ठेवायची आणि ट्रेसेस या संघाच्या प्रणालीतल्या सेंद्रिय प्रमाणपत्रांशी ताडून बघायची. नावं जुळवताना जीव जातो. एकीकडे मुलाचं नाव, दुसरीकडे बापाचं, तिसरीकडे कंपनी. एका देशाची फाइल तर प्रत्येक वेळी अर्धवटच उतरते, तीन वेळा कळवूनही उत्तर नाही.

पाचपैकी तीन तारे. अर्धा जास्त दिला असता, पण परवा माझ्या खुणेच्या चौदा नावांपैकी नऊ गायब झालेली दिसली. दोन वर्षं भरली होती.