पाच दिवस, दोन गाइड आणि एका फुलाचं नाव : इंग्लंडमध्ये खासगी गाइड घेतल्याचा सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या पॅकेजचा पाचवा आणि शेवटचा दिवस गेल्या आठवड्यात वाया गेला. त्या रागातच लिहायला बसले होते. मग वहीतल्या पहिल्या चार दिवसांच्या नोंदी वाचल्या आणि वाटलं, नुसता राग लिहिला तर एका फार चांगल्या बाईंवर अन्याय होईल. म्हणून सगळं एप्रिलपासून लिहिते, लांबलं तरी चालेल.

आम्ही दोघं मार्चअखेरीस मुलाकडे सरेमध्ये आलो, सहा महिन्यांसाठी. आमच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलाने आणि सुनेने पाच दिवसांसाठी खासगी गाइड ठरवून दिला. एप्रिलमध्ये हॅम्पटन कोर्ट, मेमध्ये क्यू गार्डन आणि चेल्सीचं पुष्पप्रदर्शन, जुलैमध्ये टॉवर ऑफ लंडन आणि सप्टेंबरमध्ये केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग. दिवसाला जवळपास ४०० पौंड. तिकिटं वेगळी, चेल्सीला गाइडचं तिकीटसुद्धा आपणच काढायचं, आणि सिसिंगहर्स्टला गाडीचे निराळे. ह्यांनी रुपयांत हिशेब केला आणि दोन दिवस मुलाशी धड बोलले नाहीत. मी मुलाची बाजू घेतली खरी, पण मलाही ती रक्कम टोचतच होती.

एक आधीच सांगते. मी शाळेत २८ वर्षं जीवशास्त्र शिकवलं. समोरच्या झाडाचं नाव कळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढची सगळी तक्रार आणि सगळं कौतुक ह्या एका सवयीतून आलं आहे, ते लक्षात घेऊन वाचा.

हॅम्पटन कोर्टला गेलो तेव्हा तिथला ट्युलिपचा उत्सव चालू होता. लाखाच्या वर कंद लावतात म्हणे, आणि ते खोटं वाटत नाही. आमच्या गाइडबाई साठीच्या आसपासच्या, ब्लू बॅजवाल्या (म्हणजे परीक्षा देऊन अधिकृत बिल्ला मिळवलेल्या), बोलणं स्वच्छ आणि सावकाश. राजवाड्यात त्यांनी कमाल केली. आठव्या हेन्रीच्या स्वयंपाकघरात दिवसातून दोनदा ६०० माणसांचं जेवण निघायचं, हे त्यांनी चुलीसमोर उभं करून असं सांगितलं की आमच्या घरच्या कार्याची धावपळ आठवली. ग्रेट हॉलमध्ये त्यांनी लाकडी कोरीवकामात एकमेकांत गुंतलेली एच आणि ए ही अक्षरं दाखवली. हेन्री आणि अ‍ॅन बोलिन. १५३६ मध्ये राणीचं डोकं उडवल्यावर तिची खूण सगळीकडून काढून टाकायचं काम निघालं, त्यातून ही सुटली. आम्ही दोघंच गेलो असतो तर त्याखालून चालत गेलो असतो आणि वर पाहिलंही नसतं.

पण बाहेर बागेत आल्यावर बिनसलं. ट्युलिपच्या वाफ्यात एक वेगळंच फूल होतं. मांडीपर्यंत उंच सरळ दांडा, वर खाली तोंड केलेल्या नारिंगी घंटांचं गोल झुंबर, आणि झुंबराच्या डोक्यावर पुन्हा हिरव्या पानांचा तुरा. जवळ पाटी नव्हती. मी नाव विचारलं. बाई म्हणाल्या, लिलीच्या जातीचं काहीतरी असावं, नक्की सांगता येणार नाही. आणि त्या पुढच्या जाळीच्या दारांकडे वळल्या.

मला ते फार लागलं. ४०० पौंड घेऊन ‘लिलीच्या जातीचं काहीतरी’! पुढे १७६८ मध्ये लावलेला तो प्रचंड द्राक्षवेल पाहिला, प्रिव्ही गार्डन म्हणजे राजाची खासगी बाग पाहिली, ती १९९५ मध्ये पुन्हा १७०२ च्या रूपात कशी आणली तेही ऐकलं, पण माझं अर्धं लक्ष त्या घंटांतच होतं. परतताना ट्रेनमध्ये मी ह्यांना म्हटलं की राजाराण्यांचा गाइड वेगळा आणि फुलांचा गाइड वेगळा, आपल्याला एकातच दोन्ही म्हणून विकलंय. वहीत त्या रात्री लिहिलं आहे : ५ पैकी ३. आणि खाली : उरलेले दिवस रद्द करता येतील का ते विचारणे.

रद्द केले नाहीत, कारण पैसे परत मिळणार नव्हते.

मेच्या सुरुवातीला क्यूच्या फाटकावर गाइडबाई भेटल्या आणि नमस्कार व्हायच्या आत त्यांनी पर्समधून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. त्यावर शाईने लिहिलं होतं : क्राउन इंपीरियल, फ्रिटिलारिया इंपीरियालिस. खाली मूळ ठिकाण : तुर्कस्तानपासून इराण, अफगाणिस्तान ते हिमालयाचा पायथा. त्या राजवाड्याच्या माळ्यांना विचारून आल्या होत्या. घंटेच्या आत खालून पाहिलं तर मधाचे टपोरे थेंब लोंबत असतात, कंदाला कोल्ह्यासारखा उग्र वास येतो, आणि कंद वरून पोकळ असल्यामुळे त्यात पाणी साचून कुजू नये म्हणून तो आडवा लावतात, हेही त्यांनी विचारून ठेवलं होतं. घरी येऊन मी तपासलं तर हे झाड खरोखरच लिलीच्या कुळातलं निघालं. म्हणजे पहिल्या दिवशीचं त्यांचं उत्तर चुकीचं नव्हतंच. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं आणि उरलेलं ठोकून दिलं नाही. महिनाभर मी त्यांच्याविषयी जे मनात धरलं होतं ते तिथेच सोडलं.

क्यूचा दिवस पाचांतला सर्वांत चांगला. बर्ड ऑफ पॅरडाइज हे फूल आपल्याकडे प्रत्येक गुच्छात असतं. त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेलिट्झिया रेजिनी, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं आहे. पण ते नाव तिसऱ्या जॉर्जच्या शार्लोट राणीच्या माहेरावरून, मेक्लेनबर्ग-श्ट्रेलिट्झवरून पडलं, हे मला ६६ व्या वर्षी कळलं. झाड १७७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून क्यूला आलं. बाईंनी आधी झाड दाखवलं, मग काही न बोलता क्यू पॅलेस नावाच्या त्या लाल विटांच्या छोट्या वाड्यात नेलं आणि वरच्या खोलीतल्या एका काळ्या खुर्चीसमोर उभं केलं. राणी १८१८ मध्ये ह्याच खुर्चीत बसल्याबसल्या गेली. बागेतलं फूल आणि ही खुर्ची एका माणसाची आहेत, हे मला कुठल्याही पाटीवरून जुळवता आलं नसतं.

१७७५ मध्ये आणलेलं, अजून कुंडीतच वाढणारं सायकॅड, म्हणजे ताडासारखं दिसणारं एक प्राचीन कुळातलं झाड, पाहिलं. मग ऱ्होडोडेंड्रॉनची घळ. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८४७ ते १८५१ हिमालयात फिरला, सिक्कीममधून त्याने ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती इकडे आणल्या, आणि १८४९ मध्ये तिथल्या दरबाराने त्याला कैदही केलं होतं. मरियान नॉर्थ ह्या चित्रकर्तीच्या दालनात भिंतभर लावलेली ८०० हून अधिक चित्रं आहेत, त्यांत भारतातली झाडं शोधत मी तासभर काढला. ह्यांचा गुडघा तोपर्यंत बोलायला लागला होता. बाईंनी पाठीवरच्या पिशवीतून घडीचं स्टूल काढून त्यांच्यासाठी मांडलं. ते त्या पहिल्या दिवशी ह्यांचं चालणं पाहून आणायला लागल्या होत्या. वय झालेल्यांना नेणार असाल तर ही गोष्ट लहान समजू नका.

चेल्सीविषयी माझं स्पष्ट मत आहे : आत गेल्यावर गाइडची गरज नाही. गर्दीत त्यांचा आवाज पोचत नाही. मोठ्या मंडपात प्रत्येक मांडणीपाशी ती झाडं वाढवणारी माणसंच उभी असतात आणि आपल्या झाडाविषयी त्यांच्याइतकं कोण सांगणार? बाईंनी हे स्वतःहून कबूल केलं. त्यांचा उपयोग झाला तो क्रम ठरवायला. पहिले दोन दिवस सभासदांचे, म्हणून आम्ही गुरुवारी गेलो. सकाळी ८ ला दार उघडताच आधी मोठ्या शो गार्डन (प्रदर्शनापुरत्या उभारलेल्या बागा), कारण त्या दोरीबाहेरूनच पाहायच्या असतात आणि तासाभरात समोर माणसांची भिंत होते. मंडप त्यानंतर. मे महिन्याच्या शेवटी तिथे ताजे टवटवीत डॅफोडिल होते, कंद शीतगृहात ठेवून त्यांचा बहर प्रदर्शनापर्यंत लांबवतात. एका वाढवणाऱ्याशी मी त्यावर अर्धा तास बोलले आणि बाई शांतपणे बाजूला उभ्या राहिल्या. दुपारी गर्दी असह्य झाली तेव्हा त्यांनी आम्हाला जवळच्याच चेल्सी फिजिक गार्डनमध्ये नेलं. औषधविक्यांच्या संस्थेने १६७३ मध्ये सुरू केलेली बाग. जमिनीचा मालक हान्स स्लोन ह्याने १७२२ मध्ये ती वर्षाला ५ पौंड भाड्याने संस्थेला कायमची दिली. पाट्या स्वच्छ, बाकं भरपूर. मला विचाराल तर प्रदर्शनापेक्षा तिथले दोन तास जास्त समाधानाचे होते. थोडक्यात, चेल्सीसाठी पूर्ण दिवसाचा गाइड घेऊ नका. ते पैसे क्यूसाठी ठेवा.

टॉवरलाही खर्च वाचू शकतो. तिथल्या लाल-निळ्या वेषातल्या वॉर्डर मंडळींची, म्हणजे पहारेकऱ्यांची, फेरी तिकिटातच असते आणि ती चांगली असते. तरी आमच्यासाठी त्या दिवसाचं मोल वेगळं होतं, ते एप्रिलमधल्या अक्षरांमुळे. बाईंनी ज्या चॅपलमध्ये अ‍ॅन बोलिन पुरली आहे तिथे नेलं आणि फक्त विचारलं, ग्रेट हॉलमधलं ए आठवतं का. माझ्या अंगावर काटा आला. तोच माणूस तीन महिन्यांनी दुसऱ्या जागी भेटतो आणि गोष्ट मागच्या पानावरून पुढे सांगतो, खासगी गाइडचं खरं देणं मला हेच वाटलं. कोहिनूरपाशी सरकत्या पट्ट्यावरून जावं लागतं, बोलायला वाव नाही. म्हणून त्यांनी आधीच बाहेर बाकावर बसवून १८४९ चा लाहोरचा तह आणि दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो हिरा कसा घेतला गेला ते सांगितलं. गुळमुळीत केलं नाही, आणि आम्ही भारतीय म्हणून आमच्यासमोर नाटकही केलं नाही.

निघण्याआधी बीचम टॉवरमधल्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेली नावं दाखवली आणि म्हणाल्या, सप्टेंबरमध्ये सिसिंगहर्स्टलाही कैद्यांची गोष्ट आहे, फ्रेंच कैद्यांची, ती तिथेच सांगते. तो जुलै होता. मी सप्टेंबरची वाट पाहत होते.

आदल्या रात्री आठ वाजता कंपनीचा ई-मेल : तुमच्या गाइड उपलब्ध नाहीत, तत्सम अनुभवी व्यक्ती येईल. कारण दिलं नाही, अजूनही दिलेलं नाही. सकाळी एक तरुण मुलगा गाडी घेऊन आला. वागायला सभ्य, गाडी जपून चालवली. पण त्याच्याकडे बॅज नव्हता, तो ड्रायव्हरच होता. फाटकापाशी सोडून म्हणाला, आत तुम्ही निवांत फिरा, मी तीन वाजता इथे आहे. मी आग्रह केला म्हणून सोबत आला. व्हाइट गार्डनमध्ये एका पांढऱ्या फुलाचं नाव विचारलं तर त्याने फोन पुढे धरला. फोनने एकदा एक नाव सांगितलं, दुसऱ्यांदा दुसरं. त्या तरुणाला दोष देत नाही, त्याला कंपनीने नको त्या कामाला पाठवलं होतं.

बाग म्हणून सिसिंगहर्स्ट अप्रतिम आहे. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकलसन ह्या जोडप्याने १९३० मध्ये पडझड झालेली जागा घेतली, त्याने रेषा आखल्या आणि तिने त्या झाडांनी भरल्या. अठराव्या शतकातल्या ‘सात वर्षांच्या युद्धात’ इथे फ्रेंच कैदी ठेवले होते, ते ह्या जागेला शातो (फ्रेंचमध्ये किल्ला किंवा वाडा) म्हणायचे आणि त्यावरूनच ‘कॅसल’ हे नाव चिकटलं, हे मी नंतर घरी वाचलं. बाई हेच सांगणार होत्या का आणखी काही, ते आता कळायचं नाही.

भांडण सुनेने केलं. कंपनीचं म्हणणं, करारात गाइडचं नाव नाही, बदलायचा हक्क आमचा. ते खरं आहे, आम्ही वाचलं नव्हतं. आणि इंग्लंडमध्ये स्वतःला गाइड म्हणवायला परवाना लागत नाही, त्यामुळे ‘अनुभवी व्यक्ती’ ह्या शब्दांत कोणीही बसतं. आधी पुढच्या बुकिंगवर सवलत देऊ केली. आम्ही महिन्याअखेरीस परत चाललो आहोत, पुढचं बुकिंग कुठलं? तिसऱ्या ई-मेलनंतर त्या दिवसाची अर्धी रक्कम द्यायला तयार झाले.

ठरवणार असाल तर करारात गाइडचं नाव लिहून घ्या, आणि ती व्यक्ती आली नाही तर दिवस पुढे ढकलायचा की पैसे परत, तेही लिहून घ्या. बॅज आहे का हे आधी विचारा. जमलं तर कंपनीऐवजी थेट बॅजवाल्या गाइडलाच गाठा, आम्ही पुन्हा आलो तर तसंच करणार. आणि तुम्हाला झाडांत रस असेल तर आधीच कळवा. मी एप्रिलमध्ये कळवलं असतं तर त्या बाई पहिल्याच दिवशी तयारीने आल्या असत्या, एवढी मला आता खात्री आहे.

पहिले चार दिवस ५ पैकी ५. हॅम्पटन कोर्टचे ३ मी खोडले आहेत. कंपनीला १, तोही ह्यासाठी की त्यांनीच आधी त्या बाईंना आमच्याकडे पाठवलं.

रविवारी मुलाच्या अंगणात क्राउन इंपीरियलचे तीन कंद लावले, आडवे, वास खरोखर कोल्ह्यासारखा. अर्ध्या रकमेचं आश्वासन ई-मेलवर आहे, आजपर्यंत मुलाच्या खात्यात काही आलेलं नाही. आमचं विमान २६ तारखेचं आहे, त्यानंतर पाठपुरावा सून करणार आहे.